कोपऱ्यातलं दीड टोक

आग्र्याला यमुनेच्या पलीकडच्या काठावर इतमाद-उद-दौलाची कबर आहे. नूरजहाँने वडिलांसाठी, म्हणजे मिर्झा गियास बेगसाठी, १६२२ ते १६२८ या काळात बांधून घेतलेली. रिक्षावाले तिला ‘बेबी ताज’ म्हणतात आणि अर्ध्या तासात आटपेल असं सांगतात.

अर्धा तास एका जाळीलाही पुरत नाही. संगमरवराच्या फरशीत षट्कोन आणि सहा टोकांच्या चांदण्या आरपार कोरलेल्या. पाहणारा बहुधा मधली चांदणी धरतो आणि भोवतालच्या गर्दीत हरवतो. मी आधी कोपरा गाठते. चौकटीने तिथे चांदणी कशी कापली आहे, त्यावरून कारागिराचा हिशेब कळतो. आखणी चोख असेल, तर कोपऱ्यात चांदणीचा बरोबर चतकोर येतो. सहाचा चतकोर म्हणजे दीड टोक: एक अख्खं, एक मधोमध चिरलेलं. चारी कोपऱ्यांत हे दीड टोक सापडलं, की समजावं, नक्षी चौकटीसाठी मोजून बेतलेली आहे.

‘तेरा ते सात’ ठिपक्यांची रांगोळी घातलेल्या हाताला ही मांडणी ओळखीची वाटेल. चांदण्यांचे मध्य म्हणजे ठिपके धरले, तर पुढच्या ओळीतला ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये पडतो. चार कोपऱ्यांत चार आणि मध्यावर एक ठिपका येईल असा आयत तिच्यातून उचलला, तर त्याच्या बाजू १ ला १.७३ पडतात. मग चौरस खिडकी भरायची कशी? आडवे सात आयत घ्यायचे, उभे चार. ७ आणि ६.९३. शेकडा एकाचा फरक उरतो. तो नक्षी किंचित ताणून जिरवता येतो, नाहीतर भोवती पट्टी घालून. आठ टोकांच्या चांदणीला ही कटकटच नाही, ती चौरसात आयती बसते. मला ती थोडी आळशी वाटते ती त्यामुळेच.

बाहेरच्या भिंतींवर हाच खेळ रंगीत दगडांच्या पच्चीकारीत आहे. तिथे रेषा जुळल्या म्हणून थांबू नये, रंगही जुळलेत का ते पाहावं.

कोपऱ्याची युक्ती सगळीकडे चालत नाही. इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या १४५३च्या वास्तूवर दशकोनासारख्या मोजक्या आकारांतून रचलेली नक्षी आहे. तिची रचना पुन्हा पुन्हा तीच न येता पसरत जाऊ शकेल अशी आहे, हे पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी २००७ साली दाखवलं. अशा रचनांचं गणित रॉजर पेनरोझ यांनी १९७०च्या दशकात मांडलं होतं. तिथे चतकोर शोधण्यात वेळ घालवू नये. मोठ्या आकाराच्या पोटात तेच आकार लहान होऊन कसे भरलेत, तिकडे बघावं.