सामायिक पाट आणि संगणकाची भाषा

धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीवर चालत आलेली फड-पद्धति आमच्या वाचकांस ठाऊक असेल. बंधारा सर्वांचा, पाट सर्वांनीं साफ ठेवावयाचा. पाणी सोडणें व बंद करणें मात्र पाटकऱ्याकडे. संगणकाच्या मुक्त-स्रोत आज्ञावल्या अशाच सामायिक असतात. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेचा मुख्य दुभाषी सी भाषेंत लिहिलेला असून तो कोणासही वाचतां व सुधारतां येतो. पायथनमध्यें वापरून झालेली स्मृति मोकळी करणारा पाटकरी आयताच असतो; सी भाषेंत तें काम लिहिणाऱ्याचेंच. तो विसरला, तर स्मृति अडून राहते व दूरदेशींचें यंत्रही मंदावतें. यास्तव पायथन जाणणाऱ्या जळगांव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांनीं प्रथम पायथनमध्येंच लिहिलेल्या चांचण्या वाढवाव्या, मग लहानशी दुरुस्ती करावी. पण घेतलेलें परत केलें कीं नाहीं, हें दोनदां पाहावें.