आरशाची पाठ

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात लाकडाचा एक जुना फ्रेंच पुतळा आहे. समोरून तो सैतान मेफिस्टोफिलिस दिसतो. पाठीमागे त्याच लाकडात कोरलेली मार्गारेटा मात्र मागे लावलेल्या आरशातच दिसते. पुतळ्यापुढची गर्दी हटत नाही, पण आरसा कसला आहे हे कोणी विचारत नाही. आरशाच्या नशिबी हे नेहमीचंच. त्यात सगळे बघतात, त्याच्याकडे कोणी बघत नाही. जुना आरसा घरी आणायचा असेल तर ही सवय आधी मोडावी लागते.

आरशांची हौस या शहराला जुनी. पहिल्या सालारजंगांच्या दिवाण देवडीत ‘चिनीखाना’ होता, तसाच ‘आईनाखाना’ही. लाला दीनदयाळ यांनी काढलेली त्याची छायाचित्रं आजही बघायला मिळतात. याच देवडीत १६ डिसेंबर १९५१ रोजी तिसऱ्या सालारजंगांच्या संग्रहाचं संग्रहालय सुरू झालं आणि १९६८ मध्ये ते मुसीकाठच्या आजच्या इमारतीत गेलं. देवडीचा बहुतेक भाग पुढे पाडला गेला. अशी घरं मोडतात तेव्हा त्यांतलं सामान बाजाराची वाट धरतं. चारमिनारजवळचा मुर्गी चौक आणि जुमेरात बाजार हे इथल्या हौशी लोकांचे नेहमीचे अड्डे.

तिथे कुठल्याही आरशापुढे उभं राहा, पहिलं वाक्य ठरलेलं: “असली बेल्जियम है साब!” चौमहल्ला राजवाड्यातल्या खिलवत महालाची १९ बेल्जियन झुंबरं सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे हे नाव खपतं. बेल्जियममध्ये काच उत्तम होत असे, यात शंका नाही. व्हाल सां लांबेरचा कारखाना १८२६ चा. पण तीनशे वर्षांपूर्वीचा बेल्जियन आरसा कोणी दाखवू लागला, तर तो देशच १८३० साली जन्मला एवढं मनात ठेवावं. आणि युरोपातून आलेली प्रत्येक काच बेल्जियमचीच कशी असेल? व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाने या धंद्यावर दीर्घकाळ राज्य केलं. ते मोडायला फ्रान्सने १६६५ मध्ये स्वतःचा कारखाना काढला, तोच पुढे सां गोबँ म्हणून गाजला.

माझ्या मते वय ठरवायला आरसा उलटा करावा, म्हणजे भिंतीवरून उतरवून त्याची पाठ बघावी. जुन्या पद्धतीत कथिलाच्या पातळ पत्र्यावर पारा ओतून त्यावर काच सरकवत आणि वजन ठेवून जादा पारा गाळून काढत. अशा आरशाची पाठ करडी, उघडी, बारीक चकाकणाऱ्या कणांची असते. तिच्यावर रंगाचा थर नसतो. प्रतिमा किंचित काळसर, निळसर दिसते. कथिलाचे स्फटिक आणि त्यांच्यामधला पाऱ्याचा ओला अंश वर्षानुवर्षं एकत्र नांदतात. तो पारा हळूहळू खाली ओघळतो, म्हणून खालची कड आधी बिघडते आणि चौकटीच्या तळाशी कधी पाऱ्याचे थेंबही सापडतात.

दुसरी पद्धत चांदीची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये काचेवर चांदी बसवण्याची रीत शोधली आणि शतकाच्या उत्तरार्धात ती कारखान्यांत रुळली. या आरशाची प्रतिमा उजळ, जराशी उबदार. पाठीवर चांदी जपणारा तपकिरी किंवा तांबूस रंग. हैदराबादेत बाजारात येतात ते बहुतेक याच जातीचे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पाऱ्याची पद्धत मागे पडली त्यामागे खर्चापेक्षा दुःख मोठं होतं. बव्हेरियातल्या फ्यूर्टच्या कामगारांचे हात थरथरत, हिरड्या सुजत. कुसमाउल या डॉक्टरांनी १८६१ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला.

काचेवर नाणं टेकवून नाणं आणि त्याची प्रतिमा यांतली फट मोजायची, हा सगळ्यांचा आवडता प्रयोग. त्यातून कळते ती काचेची जाडी, वय नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या काचा चांगल्याच जाड असत. त्यापेक्षा बाजूला उभं राहून खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब बघत डोकं हळू हलवावं. जुन्या काचेत गज किंचित लहरतात. १९५९ नंतर आलेल्या फ्लोट काचेत ते सरळ राहतात. कडेचा उतारही बोटाने चाचपावा. हाताने घासलेला उतार इतका मंद असतो की कुठे सुरू झाला ते कळत नाही. यंत्राचा उतार बोटाला लगेच लागतो.

नकली डाग ओळखणं सोपं आहे. आम्लाने पाडलेले डाग सगळीकडे सारखे पसरलेले असतात. खरा डाग ओल शिरते तिथून, म्हणजे कडेने आणि खिळ्यांपाशी सुरू होतो. मागची फळी प्लायवूडची असेल तर ती तरी नंतरची. चौकट सागाची, शिसवीची, कितीही देखणी असो, ती जुनी म्हणून काच जुनी ठरत नाही. ‘पारा उडालाय’ म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं, दुकानदार नवी काच बसवतो आणि जुनी भंगारात जाते. मला विचाराल तर चौकट नवी आणि काच डागाळलेली, असा आरसा मी आधी घेईन. जुन्या काचेवर नवी चांदी चढवून घेण्याचा सल्लाही मानू नये. त्यात वयाचा मुख्य पुरावाच खरवडला जातो.

पाऱ्याचा आरसा घरी आणताना उभाच आणावा, आडवा किंवा उलटा नको. पाठ घासू नये, तापवू नये. तळाशी थेंब दिसले तर हात लावू नये, मुलांना लांब ठेवावं आणि जाणत्याला बोलवावं. काचेवर फवारा मारला की द्रव कडेतून आत जातो, म्हणून कोरडं मऊ कापड पुरे. वजन मोठं असतं. एका खिळ्याच्या भरवशावर राहू नका.

एक अडचण कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे टेक्ससच्या भाच्यासाठी आरसा घेणाऱ्याला पुरातत्त्व खात्याकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. दुकानात ‘दीडशे साल पुराना’ म्हणून भाव चढवणारा तोच विक्रेता हे ऐकलं की आरसा सत्तर वर्षांवर आणतो. भाव मात्र दीडशेचाच ठेवतो.