मुलाम्याचे दागिने

फरीदाबादसारख्या कारखान्यांच्या शहरी नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबात सोन्याचे मंगळसूत्र पुष्कळदा पेटीत असते; गळ्यात असते ते मुलाम्याचे. घामाने ते काळवंडले, की गृहिणीचे मन खट्टू होते व ती चिंच घेऊन बसते. चूक होते ती येथेच. चिंचेच्या आम्लाने समई उजळते, कारण ती आतबाहेर पितळेचीच. मुलाम्याचा थर मात्र बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ; घासण्याने तोच निघून जातो आणि उघड्या पडलेल्या पितळेतील तांब्याला घामातील क्षार व हवेतील गंधकाची संयुगे गाठतात. अत्तर लावून ते वाळल्यावरच दागिना घालावा, उतरवताच मऊ सुती कापडाने टिपावा आणि घट्ट झाकणाच्या डबीत खडूच्या तुकड्यासह ठेवावा. खडू ओल शोषतो. पावसाळ्यात तो अधूनमधून उन्हात वाळवावा लागतो, एवढेच.