हलाखीचा दाखला

सरकारी रस्त्याच्या कामात लहान कंत्राटदाराला वाटा मिळावा असा कायदा करणे सोपे आहे. परंतु हा 'लहान' नेमका कोण, हे ठरविणे महाकठीण. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने चार दशकांहून अधिक काळ या प्रश्नाचे एक उत्तर पत्करले होते. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या खात्याने ते उत्तर एका नियमाने पुसून टाकले आणि हजारो लहान व्यवसायांना आपण खरोखरच वंचित असल्याचे नव्याने सिद्ध करण्यास फर्माविले. दूरदेशीच्या या घडामोडीला आम्ही पहिल्या पानावर जागा देतो, याचे कारण जुन्या उत्तरात आपल्या माणसांचाही उल्लेख होता.

अध्यक्ष रेगन यांनी जानेवारी १९८३ मध्ये ज्या कायद्यावर सही केली, त्यात महामार्ग व सार्वजनिक वाहतूक यांवर खर्च होणाऱ्या मध्यवर्ती पैशांपैकी किमान १० टक्के रक्कम सामाजिक व आर्थिक दृष्ट्या वंचितांच्या लहान व्यवसायांकडे जावी, असे कलम होते. कृष्णवर्णीय, स्पॅनिश भाषक वंशाचे, मूळ रहिवासी, पूर्व आशियातून आलेले व भारतीय उपखंडातून आलेले लोक सामाजिक दृष्ट्या वंचित आहेत असे गृहीत धरले जाई. १९८७ मध्ये त्यांत स्त्रियांची भर पडली. तेव्हा येथून उच्च शिक्षणासाठी गेलेला, काही वर्षे नोकरी करून मग पुलांचे आराखडे, जमिनीची मोजणी किंवा माती परीक्षण यांची स्वतःची छोटी कचेरी थाटणारा मराठी अभियंता या योजनेच्या कक्षेत येई. मात्र तो तेथील नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागे.

गृहीत धरले म्हणजे दाखला घरबसल्या मिळे, असा कोणी समज करून घेऊ नये. व्यवसायाची किमान ५१ टक्के मालकी त्या माणसाची असावी आणि ती मालकी त्याने स्वतःच्या पैशाने वा कसबाने मिळविलेली असावी. राहते घर आणि खुद्द त्या व्यवसायातील हिस्सा वगळून त्याची मालमत्ता ठरावीक मर्यादेच्या आत असावी. ही मर्यादा २०२४ मध्ये २० लाख ४७ हजार डॉलर करण्यात आली. करपत्रके, भागभांडवलाची कागदपत्रे, कर्जाचे करार, यंत्रसामग्रीची बिले, हे सारे बाड राज्याच्या प्रमाणन यंत्रणेपुढे ठेवावे लागे. त्यानंतर अधिकारी कचेरीत येत आणि समोर बसून विचारपूस करीत. धनादेशावर सही कोणाची? निविदेचा दर कोण काढतो? माणसे कोण नेमतो, कोण काढून टाकतो? मालकीण पत्नी आणि सगळी उत्तरे मात्र पती देतो, असे दिसले की प्रकरण तेथेच अडे. आमच्या मते साऱ्या योजनेत अक्कलहुशारीने आखलेला भाग कोणता असेल तर तो हाच.

कारण नावापुरता धनी उभा करण्याची विद्या कोणत्याही एका देशाची मिरास नाही. पेन्सिल्व्हेनियात पुलांच्या तुळया बनविणाऱ्या एका कंपनीने दाखला असलेल्या लहान फर्मचे नाव पुढे करून सुमारे १५ वर्षे स्वतःच कामे केली. त्या कंत्राटांची बेरीज १३ कोटी ६० लाख डॉलरच्या घरात गेल्याचे पुढे उघडकीस आले. दाखलाधारकाला मिळे ती नाव वापरू दिल्याची बिदागी. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या लहान कामांत मजूर सहकारी संस्थांसाठी वाटा राखून ठेवलेला असतो. मजूर कागदावर आणि नफा तिसऱ्याच्याच खिशात, ही तक्रार ज्यांच्या कानांवर आली आहे त्यांना पेन्सिल्व्हेनियाची कथा समजावून सांगण्याची गरज नाही.

योजनेवरचा दुसरा आक्षेप न्यायालयांतून आला आणि तोच अखेर तिला भोवला. कोलोरॅडोत रस्त्याच्या कडेला लोखंडी कठडे बसविण्याच्या कामाची सर्वांत कमी दराची निविदा अॅडारँड या फर्मची होती. काम गेले दाखला असलेल्या दुसऱ्या फर्मकडे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, वंशावर आधारलेली सरकारी सवलत, मग ती कितीही सद्हेतूने दिलेली असो, अत्यंत कठोर कसोटीला उतरली पाहिजे. त्याला अनुसरून १९९९ मध्ये नियमांची पुनर्रचना झाली. संसदेने १० टक्क्यांचे कलम २०२१ च्या कायद्यातही कायम राखले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये केंटकीतील मध्यवर्ती न्यायालयाने दोन फिर्यादी कंपन्यांपुरती या गृहीतकाला मनाई केली, आणि वर्षभराने खात्याने ते स्वतःच काढून टाकले.

आता अर्जदाराने आपल्या हलाखीचा वृत्तांत स्वतः लिहून द्यावयाचा आहे. शिक्षणात, नोकरीत वा धंद्यात कोणती संधी नाकारली गेली, कर्ज इतरांना मिळते त्या अटींवर का मिळाले नाही, त्यामुळे नुकसान किती झाले, हे प्रसंगवार व पुराव्यानिशी मांडावयाचे. आणि केवळ वंश वा स्त्रीत्व यांच्या आधारावर काहीही मागावयाचे नाही.

जुन्या गृहीतकात दोष होते, हे आम्ही नाकारीत नाही. सुखवस्तू डॉक्टराचा मुलगा आणि गवंड्याचा मुलगा एकाच रकान्यात बसत. आमच्या देशबांधवांपैकी काहींना तो रकाना सैलच होत असे, हेही सांगितले पाहिजे. परंतु नवा उपाय तरी काय आहे? ज्यांनी आयुष्यातील काही वर्षे निबंधांच्या वह्या तपासण्यात घालविली आहेत त्यांना ठाऊक असते की, 'माझ्यावर आलेला कठीण प्रसंग' या विषयावर सर्वांत हृदयस्पर्शी निबंध बहुधा ज्याच्यावर कसलाच प्रसंग आलेला नाही तो मुलगा लिहितो. ज्याच्यावर खरोखर आला त्याच्या चार ओळी होतात, त्याही अडखळत. डांबराच्या ट्रकमागे दिवस काढणाऱ्या कंत्राटदाराने बारा वर्षांपूर्वी बँकेच्या खिडकीवर मिळालेल्या तोंडी नकाराचा पुरावा आणावा कोठून? वकिलाला पैसे मोजून वृत्तांत लिहवून घेणे ज्याला परवडेल त्याचा वृत्तांत वाचनीय होईल. अशा अर्जात वंचिताची बाजू पहिल्याच फेरीत लंगडी पडते.

शिवाय या फेरतपासणीची किंमत ताबडतोब मोजावी लागली. प्रत्येक राज्याच्या यंत्रणेने आपल्या यादीतील झाडून साऱ्या फर्मची नव्याने छाननी पुरी करीपर्यंत तेथील कंत्राटांवर अशा व्यवसायांसाठी उद्दिष्ट ठेवावयाचे नाही, असा नियमाचा दंडक. या दाखल्याने काम मिळतेच असे कधीच नव्हते; त्याने यादीत नाव येई इतकेच. परंतु उद्दिष्ट गाठावयाचे म्हणून मूळ कंत्राटदार त्या यादीतील फर्मला दूरध्वनी करून दर मागवी. उद्दिष्ट गेले की त्याला चौकशी करण्याचे कारण उरत नाही, आणि लहान फर्मला चार-सहा महिने हात बांधून बसणे म्हणजे कामगारांना रजा देणे होय.

लहान कंत्राटदाराची खरी कोंडी होते ती हमीदार कंपनीचे हमीपत्र आणि वेळेवर न येणारे बिल यांपाशी. मूळ कंत्राटदाराला पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पोटकंत्राटदाराचे देणे चुकते करावे, असे याच नियमावलीत लिहिले आहे. वंशाचा प्रश्न या कलमाला शिवतही नाही, न्यायालयाचा आक्षेप तेथे येत नाही. तेव्हा खात्याने आपला सारा कडकपणा आधी या कलमाच्या अंमलबजावणीत दाखवावा. आणि हलाखीचा वृत्तांत हवाच असेल तर तो लेखी मागविण्याऐवजी कचेरीची पाहणी करावयास जाणाऱ्या अधिकाऱ्यानेच अर्जदारासमोर बसून प्रश्न विचारीत नोंदवून घ्यावा. धनादेशावर सही कोणाची हे ज्याला बसल्या बैठकीत ओळखता येते, त्याला त्या सहीमागचे हाल ओळखणेही अवघड जाऊ नये.