वरच्या ओळीच्या पाट्या

प्लेगचा माग काढत मी हाँगकाँगच्या ताइपिंगशान आळीत पोचले. १८९४ साली साथ इथे भडकली, दोन वर्षांनी मुंबईत. पुण्यातल्या प्लेग अधिकारी रँडच्या घरझडत्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ही चढणीची गल्ली परकी वाटत नाही.

पाय अडले ते क्वाँग फुक देवळात. धुरानं काळवंडलेल्या या लहानशा देवळात परमुलखात मेलेल्यांच्या नावांच्या पाट्या ओळीनं मांडल्या आहेत. पोटामागे आलेला माणूस एकटा मेला, तरी त्याचं नाव कुठेतरी राहावं म्हणून १८५० च्या दशकात लोकांनी ते बांधलं. पुढे मरणोन्मुख माणसांनाही इथेच आणून टाकू लागले, थेट प्रेतांशेजारी. १८६९ मध्ये एका अधिकाऱ्यानं ते पाहिलं आणि बोभाटा झाला. गव्हर्नर मॅकडॉनेलनी जागा दिली, जुगाराच्या परवान्यांचा पैसा दिला आणि १८७२ मध्ये तुंग वा रुग्णालय उघडलं. चालवायचं मात्र चिनी व्यापाऱ्यांनी. औषधपाणी, तंटे सोडवणं, परदेशी मेलेल्यांच्या अस्थी गावी पोचवणं, सगळं त्यांच्याच गळ्यात.

प्लेगात त्यांची कोंडी झाली. गोरे सोल्जर घरात घुसू लागले तसे लोक तुंग वा रुग्णालयाकडे धावले. रुग्णालयाच्या समितीनं सरकारला विनवलं, तरी जमाव चालून गेला तो तिच्याच अध्यक्षांच्या पालखीवर. मधल्या माणसाचे हे हाल वाचून मी फार अस्वस्थ झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं पुन्हा आळीचाच आधार घेतला. १९४९ पासून काइफोंग मंडळं निघाली. काइफोंग म्हणजे आपल्या आळीतली माणसं. समाजकल्याण कचेरी उत्तेजन देई. वर्गणी मंडळांनी काढायची. त्यातून दवाखाने, शाळा, गरिबाच्या अंत्यविधीचा खर्च. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मे इथली झोपडपट्टी जळाली, पन्नास हजारांवर माणसं उघड्यावर आली, तेव्हा ही मंडळं मदतीला धावली.

पण जळितानंतर सरकारी इमारती उठल्या, माणसं हलली, आळ्या फुटल्या. १९६७ च्या दंगलींनंतर सरकारनं लोकांशी बोलायला स्वतःचेच विभागीय अधिकारी नेमले. १९७३ पासून इमारतवार साहाय्य समित्या आल्या. इतकी वर्षं वर्गणी मागत दारोदार फिरलेली मंडळं बाजूला पडली, याचं मला वाईट वाटतं.

मी निघाले तेव्हा एक आजी देवळात उदबत्त्यांची राख डब्यात भरत होत्या. मग त्यांनी पाट्यांवरून फडकं फिरवलं. सगळ्यात वरच्या ओळीपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता.