रिकामी टाकी जास्त धोक्याची का असते?

डून लेरीच्या ईस्ट पिअरवर कधी चालायला गेलात, तर टोकाशी दिव्यापाशी थांबून डब्लिनच्या दिशेने बघा. पूलबेगची दोन लाल-पांढरी धुराडी दिसतील. त्यांच्या पलीकडे डब्लिन पोर्ट. तिथे टँकर जहाजं पेट्रोल, डिझेल उतरवतात. आपली पाळी येईपर्यंत कधी कधी एखादं टँकर इथेच उपसागरात नांगर टाकून उभं असतं. तुम्ही मुंबईचे असाल तर असं दृश्य ओळखीचं वाटेल. गेटवेवरून घारापुरीला लाँचने जाताना जवाहर द्वीपाच्या धक्क्याला लागलेली तेलाची जहाजं दिसतात, तीच ही जात.

गेल्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "रत्नागिरीचा माझा मावसभाऊ टँकरचा कोर्स करतोय. व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा, यात शिकायचं काय असतं?" प्रश्न चांगला आहे. आपल्याकडे टँकर म्हटलं की उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर आठवतो. पाइप लावला, भरलं, निघाले. तेलाच्या बाबतीत मात्र प्रत्येक पायरीवर एक "पण" आहे.

आधी आकार लक्षात घ्या. टँक बार्ज म्हणजे सपाट तळाची तरंगती टाकी. बऱ्याच बार्जना स्वतःचं इंजिनही नसतं, टग त्यांना ढकलते किंवा ओढते. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर चालणाऱ्या एका मोठ्या बार्जमध्ये साधारण ३०,००० बॅरल माल मावतो. एक बॅरल १५९ लिटरचं, म्हणजे झाले जवळपास ४८ लाख लिटर. मुंबई बंदरात उभ्या जहाजांना इंधन पोचवणाऱ्या बंकर बार्ज याहून बऱ्याच लहान असतात, पण काम तेच.

पेटते ती वाफ

पहिला धडा हा की पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. साधारण १ ते १० टक्के. कमी असेल तर पेटत नाही, जास्त असेल तरी नाही. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागाच थोडी असते. रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र तळाला थोडं तेल, वर वाफ आणि आत शिरलेली हवा. स्फोटाला लागणारं सगळं साहित्य तयार! म्हणून मोठ्या टँकरमध्ये तेल उतरवताना टाकीत इनर्ट गॅस सोडतात आणि आतला ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत.

दुसरा धडा ठिणगीचा. थंडीत लोकरी स्वेटर काढताना चटचट होतं ना? पाइपमधून वेगाने वाहणाऱ्या डिझेल किंवा रॉकेलमध्येही तशीच स्थिर वीज साठते. म्हणून भरायला सुरुवात करताना पाइपमधला वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवतात. मग हळूहळू वाढवतात आणि शेवटी पुन्हा कमी करतात. टाकीच्या तोंडापासून तेलाच्या पातळीपर्यंतच्या रिकाम्या अंतराला अलेज म्हणतात. शेवटची दहा-पंधरा मिनिटं लक्ष त्या आकड्यावर असतं, कारण तेल ओसंडलं तर ते थेट समुद्रात जातं.

कोणती टाकी आधी?

तिसरा धडा आयर्लंडनेच दिला, फार मोठी किंमत मोजून. ८ जानेवारी १९७९ च्या रात्री एकच्या सुमारास, कॉर्कच्या पश्चिमेला बँट्री उपसागरातल्या व्हिडी बेटाच्या धक्क्यावर बेटेलज्यूज या फ्रेंच टँकरमध्ये स्फोट झाला. ५० माणसं गेली. त्यात जहाजावरचे लोक होते आणि धक्क्यावर कामाला असलेले स्थानिकही होते. चौकशी आयोगाचा अहवाल १९८० मध्ये आला. देखभालीअभावी कमकुवत झालेला सांगाडा आणि तेल उतरवताना बॅलास्टची, म्हणजे तोल राखायला घेतलेल्या पाण्याची, चुकीची वाटणी यामुळे जहाजाचा कणाच मोडला, असं त्यात म्हटलंय.

म्हणजे कोणती टाकी आधी रिकामी करायची, हा सोयीचा प्रश्न नाही. मधल्या टाक्या भरलेल्या आणि टोकाच्या रिकाम्या राहिल्या, तर लोखंड वाकतं. म्हणून होज जोडण्याआधी जहाज आणि धक्का यांनी मिळून एक तपासयादी भरायची असते. क्रम काय, वेग किती, आणि "थांबवा" म्हणायचं तर कोणत्या खुणेने.

विहीर आणि कंदील

जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोराने खाली सोडून बघायची रीत आजोबांकडून ऐकली असेल. कंदील विझला तर माणसाने उतरायचं नाही. विचार बरोबर होता, खाली प्राणवायू नाही. टाकीत कंदील सोडणं म्हणजे आत्मघात, म्हणून तिथे मीटर. हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. मीटर त्याहून कमी दाखवत असेल तर आत जायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड हा वायू तर आणखी फसवा. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजायचं नाही.

आणि सगळ्यात अवघड भाग हा. आत एक जण कोसळला की दुसरा त्याला वाचवायला धावतो आणि तोही पडतो. हे जहाजांवर पुन्हा पुन्हा घडलंय. मित्र डोळ्यांसमोर पडलेला असताना आधी अलार्म वाजवायचा, श्वसनयंत्र येईपर्यंत बाहेर थांबायचं, हे नुसतं वाचून अंगात मुरत नाही. म्हणूनच २०१५ पासून जहाजांवर याची कवायत दर दोन महिन्यांनी करणं बंधनकारक आहे.

मावसभावाची वाट

भारतात दहावीनंतर जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा निवासी कोर्स असतो. सोबत आग, प्रथमोपचार आणि समुद्रात जीव वाचवण्याचं शिक्षण. मग टँकरचा बेसिक कोर्स. माल हाताळण्याची थेट जबाबदारी असणाऱ्यांना पुढे ॲडव्हान्स्ड कोर्सही लागतो आणि त्याच्या प्रमाणपत्रासाठी साधारणपणे टँकरवर तीन महिन्यांचा अनुभव असावा लागतो. हे एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम आहेत. बंदरातल्या आणि नदीतल्या बार्जना देशोदेशी वेगळे नियम आहेत. अमेरिकेत कोस्ट गार्ड 'टँकरमन'चा परवाना देतं, ऱ्हाईन नदीवर एडीएन करारातलं प्रमाणपत्र लागतं. आयर्लंडमध्ये शिकायचं असेल तर कॉर्कजवळ रिंगास्किडीला नॅशनल मेरिटाइम कॉलेज आहे.

मावसभावाला दोन गोष्टी नक्की सांगा. संस्था डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघ. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल परवाना हवा, आणि खलाशाकडून नोकरीचे पैसे घ्यायला नियमाने मनाई आहे. घरच्यांनी कर्ज काढण्याआधी हा फोन झालेला बरा.

आणि तो पहिल्यांदा घरी येईल तेव्हा व्हॉल्व्ह किती उघडले ते विचारू नका. काम कितीदा थांबवलं ते विचारा. नव्या पोराला वरिष्ठांसमोर "थांबा" म्हणणं जड जातं. ते ज्याला जमलं, त्याचं शिक्षण पक्कं झालं.