सात ते साडेआठ, वस्तीचा पडदा बंद

"ताई, पोरीचं डोकं रोज दुखतंय. बाम चोळून दमले मी," उंब्रजमधल्या एका आईने मला वाटेत थांबवून सांगितले. पोरगी सातवीत. मी तिला दारात उभे केले आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. तिला एक अक्षर वाचता येईना. फळ्यावरचेही दिसत नव्हते. "अभ्यासात लक्ष नाही" म्हणून मात्र वर्षभर बोलणी खात होती.

आमच्या लहानपणी वस्तीत एकाच घरी टीव्ही होता. लाकडी पेटीतला, सरकत्या दाराचा, काळापांढरा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, रंगीत चित्र १९८२ मध्ये आले, आमच्या वस्तीत रंग पोचायला आणखी वर्षे गेली. अँटेना फिरवायला एक जण पत्र्यावर, बाकी सगळे उंबऱ्यात. कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या दिसायच्या आणि पोरे घरी जायची.

मग केबल आली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळाच मोबाईलवर भरली. रोजंदारीवरच्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले ते शिक्षणासाठी, हे विसरू नका. शाळा उघडली, पण फोन हातातून सुटला नाही. आता भिंतीवर स्मार्ट टीव्ही आहे. एक भाग संपला की पुढचा आपोआप लागतो. आपण काय पाहतो ते लक्षात ठेवून तसलेच पुढे ठेवतो. पूर्वीचा टीव्ही स्वतः थांबायचा. हा थांबत नाही, आपल्यालाच थांबवावा लागतो.

शरीरावर काय होते? पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. चष्मा एकट्या मोबाईलने लागत नाही, तो आईवडिलांकडूनही येतो. पण सतत जवळचे पाहणे आणि उघड्यावर खेळणे कमी होणे, यांनी नंबर लागण्याचा आणि वाढण्याचा धोका असतो. रात्री डोळ्यांवर उजेड पडला की झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा तयार होते. तान्ह्या बाळाला फोन दाखवून भरवले तर त्याच्याशी बोलणे कमी होते, आणि बोलणे ऐकूनच बाळ बोलायला शिकते.

"मुलांसाठी वेगळी खोली ठेवा" असा सल्ला पुस्तकात असतो. आपले घर एका खोलीचे. टीव्ही तिथेच, चूल तिथेच, अभ्यास तिथेच. आपला बंद केला तरी पत्र्यापलीकडे शेजाऱ्याचा चालूच. म्हणून हे एका घराचे काम नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये हेच ओळखले. रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजू लागला. टीव्ही, मोबाईल बंद, मुले अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा. सुरुवातीला काहींनी हसण्यावारी नेले. पण नियम सगळ्या गावाला एकच, मोठ्यांनाही. पोराला "वाच" म्हणून बापाने स्वतः रील बघत बसायचे, ही सोय त्यात नाही.

आपल्याला भोंगाही नको. विहारातली घंटा पुरे. ज्यांच्या घरी जागा नाही त्या मुलांनी विहारातच सतरंजी टाकून बसावे. शिकलेल्या ताया-दादांनी आळीपाळीने थांबावे.

घरात एवढे पाळा :

• एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नका. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हेच सांगितले आहे.
• फोनवर अभ्यास असेल तर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरचे झाड, डोंगर पाहा.
• रोज दोन तास मूल घराबाहेर, उजेडात खेळू द्या.
• झोपण्याआधी एक तास फोन आईच्या ताब्यात.
• टीव्हीच्या सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप लागणे बंद करा.
• मूल डोळे बारीक करून पाहते, वही नाकाला लावते, डोके दुखते म्हणते, तर बाम चोळत बसू नका. डोळे तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्याला दाखवा. शाळकरी मुलांना सरकारी योजनेतून चष्मा मोफत मिळतो. आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात हक्काने विचारा.

त्या पोरीला चष्मा मिळाला. पहिल्या दिवशी ती आईला म्हणाली, "आई, झाडाला पानं वेगवेगळी दिसत्यात गं." आई रडली. वर्षभर आपण पोरीला बोललो, याचे तिला वाईट वाटले. आपल्या वस्तीत अशी दुसरी आई रडू नये. या रविवारी विहारात जमलो की वेळ ठरवू या.